वाऱ्यातली 'नॉर्मा'

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात ओरांज नावाचे एक बेताचे गाव आहे. रोमन लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेले एक उघडे नाट्यगृह या गावात अजून उभे आहे. त्या नाट्यगृहात २० जुलै १९७४ च्या रात्री बेल्लिनी या इटालियन संगीतकाराच्या 'नॉर्मा' या ऑपेराचा प्रयोग झाला. गाणे हवेत विरते आणि प्रयोग त्या रात्रीबरोबर संपतो; हाही तसाच संपला असता. परंतु प्येर जुर्दां या फ्रेंच दिग्दर्शकाने तो चित्रित करून ठेवला, आणि त्यामुळे पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही तो आपल्याला पाहता येतो. या चित्रपटाविषयी आज चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही योजले आहे. ज्यांनी ऑपेरा कधी ऐकला नाही, किंवा ऐकून 'ही बाई एवढी किंचाळते का' असे म्हणून रेडिओ बंद केला, त्यांच्यासाठीच हे विवेचन मुख्यत्वे आहे.

चित्रपट पाहताना पहिल्याप्रथम डोळ्यांत भरतो तो वारा. ऱ्होनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून एक थंड, कोरडा, हट्टी वारा वाहतो. त्याला तिकडे मिस्त्राल म्हणतात. त्या रात्री हा मिस्त्राल सुटला होता. गायिकेच्या डोक्यावरचे वस्त्र फडफडते आहे, अंगावरचे झगे शिडासारखे फुगत आहेत, आणि ध्वनिमुद्रणातही मधूनमधून वाऱ्याचा घोघावा ऐकू येतो. रंगमंचावर छप्पर नाही. आज तेथे काचेचे छप्पर दिसते, पण ते २००६ साली बसवलेले आहे. गळ्यावर उपजीविका असणाऱ्या माणसाला असा वारा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोणत्याही गवयाला विचारावे. तो मफलर शोधू लागेल. अशा वाऱ्यात, ध्वनिवर्धकाच्या मदतीवाचून, हजारो श्रोत्यांपुढे जी स्त्री गात उभी होती, तिची ख्याती होती ती अतिशय हळू, तलम स्वरांसाठी. हा योगायोग नसता, तर हा चित्रपट चांगल्या ऑपेराचे एक चांगले चित्रण एवढाच राहिला असता. वाऱ्याने त्याची कसोटी करून टाकली.

ही कसोटी कशाची, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. ऑपेरा हा शब्द आपल्याला अपरिचित नाही. मुंबईचे 'ऑपेरा हाउस' आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते ते बसचा थांबा म्हणून. ती इमारत १९११ साली उघडली, पण तिचे बरेचसे आयुष्य चित्रपट दाखवण्यात गेले, आणि दुरुस्त होऊन ती पुन्हा खुली झाली ती २०१६ साली. असो. ऑपेरा म्हणजे संगीत नाटक असे आपण सोयीसाठी म्हणतो, पण किर्लोस्करांच्या संगीत नाटकात आणि यात एक मोठा फरक आहे. आपल्या नाटकात पात्रे गद्यात बोलतात आणि भावना दाटून आली की पद सुरू होते. 'नॉर्मा'सारख्या ऑपेरात गद्य नाहीच. साधे संभाषणसुद्धा बोलण्याच्या लयीत गायले जाते, आणि भावना दाटली की त्या बोलण्याचे खरे गाणे होते. म्हणजे पडद्यापासून पडद्यापर्यंत गायकाला सुटका नाही.

बेल कांतो या इटालियन शब्दांचा अर्थ इतकाच की सुंदर गाणे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतील रोस्सिनी, दोनिझेत्ती आणि बेल्लिनी या तिघांच्या ऑपेरांना हे नाव लावतात. मौज अशी की त्या काळी हे नाव फारसे चालत नव्हते. ती गायकी मागे पडू लागली, वाद्यवृंद मोठे झाले, आवाज अधिक जोरकस हवे असे लोकांना वाटू लागले, तेव्हा जुन्या लोकांनी उसासा टाकून तिला हे नाव दिले. १८३७ साली पॅरिसमध्ये द्युप्रे नावाच्या गायकाने तार षड्ज छातीच्या पूर्ण जोराने लावला आणि प्रेक्षक वेडे झाले. रोस्सिनीला मात्र तो स्वर ऐकून मान कापल्या जाणाऱ्या कोंबड्याची आठवण झाली, असे सांगतात. पूर्वीचे गायक तेथे आवाज हलका करून, शिरातून वर जात. या एका गोष्टीत दोन युगांचा तंटा आहे.

त्या जुन्या गायकीचे मर्म कशात होते? सामान्यतः उत्तर मिळते: तानांत, खटक्यांत, गळ्याच्या चपळाईत. आमच्या मते हे उत्तर अर्धेच आहे. तान हा तिचा दागिना. तिचे शरीर म्हणजे श्वास. एका श्वासात लांब ओळ अखंड नेणे, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये सांधा दिसू न देणे, एकच स्वर हलकेच लावून फुगवणे आणि पुन्हा हलकेच विरवणे, हे सारे श्वासाचे काम आहे. पोटाचे व बरगड्यांचे स्नायू हवा धरून ठेवतात आणि गळ्याला लागेल तेवढीच सोडतात. गळा स्वतः मोकळा राहतो. विलंबित ख्यालात मींड घेऊन स्वरावर येणारा गवई ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या गोष्टीचे मोल निराळे सांगायला नको. फरक एवढाच की आपला गवई श्रोत्यांपासून दहा हातांवर बसून मनाला येईल तेथे थांबू शकतो. या गायिकेला लिहिलेले स्वर, वाद्यवृंदाच्या तालात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे असतात. आणि तेही हळू आवाजात! मोठा आवाज दूर जातो यात नवल नाही. हळू आवाज दूर जाणे हीच या गायकीची विद्या.

व्हिन्चेन्झो बेल्लिनी हा सिसिलीतल्या कातानियाचा. जन्म १८०१ चा, मृत्यू १८३५ चा; चौतीस वर्षेही त्याला पुरी लाभली नाहीत. दोनिझेत्तीने साठांहून अधिक ऑपेरे लिहिले. बेल्लिनीने दहाच, कारण तो सावकाश लिही आणि लिहिलेले पुन्हा पुन्हा खोडी. त्याच्या लांबच लांब सुरावटी त्याच्यापूर्वी कोणी रचल्या नव्हत्या, असा अभिप्राय व्हेर्दीने आपल्या म्हातारपणी, १८९८ साली, एका पत्रात दिला आहे. त्याच पत्रात बेल्लिनीचा वाद्यवृंद दुबळा असल्याचेही सांगायला तो विसरला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. बेल्लिनीचा वाद्यवृंद पुष्कळदा तंबोऱ्यासारखा मागे झुलत राहतो आणि सगळा भार गळ्यावर येतो.

'नॉर्मा'चा पहिला प्रयोग मिलानच्या स्काला नाट्यगृहात २६ डिसेंबर १८३१ रोजी झाला. त्या वेळी बेल्लिनी तीस वर्षांचा होता. शब्द फेलिचे रोमानीचे, आणि मूळ कथानक आलेक्सांद्र सुमे या फ्रेंच लेखकाच्या त्याच वर्षी पॅरिसमध्ये आलेल्या शोकनाट्याचे. पहिली नॉर्मा होती ज्युदित्ता पास्ता. पहिल्या रात्री नाटक पडले. निदान बेल्लिनीची समजूत तशी झाली. पण त्याच हंगामात तिसाहून अधिक प्रयोग झाले आणि पुढे साऱ्या युरोपात ते गाजले. पास्ता कशी गात होती, हे मात्र आता कोणालाही कळण्याचा मार्ग नाही. आपल्याकडे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले आणि हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला तो १९०२ साली. भाऊरावांच्या आवाजाविषयी आपण वाचतो आणि कल्पना करतो. पास्ताची गोष्ट तीच. या कलेत गायिका गेली की तिची कृतीही जाते. कागदावर उरते ते तिचे निम्मेच.

आता कथा. रोमन लोकांनी गॉल देश, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकला आहे. तेथील लोक द्रुइड नावाच्या पुरोहितांच्या आज्ञेत असतात. त्यांची मुख्य पुजारीण नॉर्मा. तिचा बाप ओरोव्हेझो हा द्रुइडांचा प्रमुख. लोकांना बंड हवे आहे. चंद्र उगवल्यावर नॉर्मा पवित्र ओक वृक्षावरचे बांडगूळ विळ्याने कापील आणि युद्धाचा कौल देईल, म्हणून सारे वाट पाहत आहेत. परंतु नॉर्माचे एक गुपित आहे. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या या पुजारणीला रोमन अधिकारी पोल्लिओने याच्यापासून दोन मुले झाली आहेत. ती युद्धाचा कौल देत नाही. रोम स्वतःच्याच पापांनी मरेल असे सांगते आणि शांती मागते. तिकडे पोल्लिओनेचे मन तिच्यावरून उडाले आहे. त्याचा जीव जडला आहे तो आदालजीझा या तरुण पुजारणीवर. ती भाबडी मुलगी आपला अपराध सांगायला येते ती नॉर्माकडेच, आणि ऐकता ऐकता नॉर्माला तिच्यात आपलीच जुनी गोष्ट दिसू लागते. ती तिला क्षमा करते, शपथेतून मोकळी करते, आणि मग सहज विचारते की तो तरुण कोण. तेवढ्यात पोल्लिओने आत येतो.

पुढे नॉर्मा झोपलेल्या मुलांवर सुरा उगारते आणि तिचा हात खाली येतो. सुमेच्या मूळ नाटकात ती वेडी होऊन मुलांना मारते. रोमानी व बेल्लिनी यांनी हा शेवट टाकला, आणि आम्हाला वाटते की येथेच त्यांनी नाटक जिंकले. पोल्लिओने पकडला जातो; त्याला वाचवण्याची आणि आदालजीझाला जाळण्याची शक्ती नॉर्माच्या हातात येते. ती सर्व लोकांना बोलावते आणि जाहीर करते की एका पुजारणीने शपथ मोडली आहे, चिता रचा. कोण ती, असे सारे विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर हा ऑपेराचा कळस आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

ही कथा गॉलमध्ये घडते आणि ओरांज हे गॉलमधलेच गाव. रोमन सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायांची वसाहत म्हणून ते वसवले गेले. तेथील रंगमंचामागची भिंत १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच आहे. मधल्या कोनाड्यात ऑगस्टस बादशहाचा साडेतीन मीटर उंचीचा पुतळा उभा आहे. म्हणजे गॉल लोक खाली उभे राहून रोमचा सत्यानाश चिंतीत असतात आणि वरून रोमचा बादशहा ते ऐकत असतो! कोणत्याही नेपथ्यकाराला सुचले नसते असे हे दृश्य दगडांनीच तयार करून ठेवले आहे. मधल्या शतकांत या नाट्यगृहाच्या आत लोकांनी घरे बांधली होती. एकोणिसाव्या शतकात ती हलवण्यात आली, आणि १८६९ सालापासून तेथे उन्हाळी उत्सव भरू लागला. ती भिंत आवाज परतवून प्रेक्षकांकडे फेकते. हीच तेथली ध्वनियोजना. मात्र वारा सुटला की ही योजना किती उपयोगी पडते, हे वाऱ्याच्या मर्जीवर.

१९७४ च्या प्रयोगात नॉर्मा होती मोन्सेरात कबाय्ये. ही बार्सेलोनाची, जन्म १९३३ चा. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या गायिकेच्या जागी ऐन वेळी उभी राहून दोनिझेत्तीच्या 'लुक्रेत्सिया बोर्जा'त ती गायली आणि एका रात्रीत तिचे नाव झाले. पोल्लिओने कॅनडाचा जॉन व्हिकर्स, आदालजीझा इंग्लंडची जोसेफीन व्हीझी, ओरोव्हेझो आगोस्तीनो फेर्रीन. वाद्यवृंद तोरिनोच्या तेआत्रो रेज्योचा, संचालक ज्युसेप्पे पाताने, रंगमंचाची मांडणी सांद्रो सेक्वी यांची.

पहिल्या अंकात नॉर्माची चंद्राला उद्देशून प्रार्थना आहे. 'कास्ता दीव्हा' या नावाने ती जगभर प्रसिद्ध आहे, इतकी की जाहिरातींनीही तिला सोडलेले नाही. आरंभी बासरी ती सुरावट एकदा सांगून जाते. खाली तंतुवाद्ये एकसारखी झुलत असतात. मग गायिका तीच सुरावट उचलते. चाल इतकी संथ की ताल आहे हेच विसरावे. ओळ एका स्वराभोवती वळणे घेत घेत पुढे सरकते, वर चढते, एका उंच स्वरावर पुन्हा पुन्हा धडका देते, आणि त्याहून वरच्या स्वराला स्पर्श करून मग खाली उतरते. या चढणीत श्वास संपला असे श्रोत्याला एकदा जरी वाटले, तरी प्रार्थना मोडते. देवीपुढे उभ्या राहिलेल्या पुजारणीला धाप लागून चालत नाही.

चित्रपटात या ठिकाणी काय दिसते? कबाय्ये जवळजवळ हलत नाही. वस्त्रे मागे-पुढे उडत आहेत, डोक्यावरचे वस्त्र तोंडाशी झोंबू पाहते आहे, आणि त्या साऱ्या धावपळीच्या मध्ये एक चेहरा स्थिर आहे. आवाज वाऱ्याशी भांडत नाही. जोर लावून वाऱ्यावर मात करण्याचा मोह कोणत्याही गायिकेला झाला असता. ही उलट स्वर आणखी बारीक करते. मधूनच वाऱ्याचा झोत येतो, तुम्हाला वाटते की स्वर गेला, आणि तो झोत ओसरल्यावर स्वर तेथेच, त्याच जागी, तसाच लागलेला असतो. तो मध्ये थांबलाच नव्हता. आमच्या मते बेल कांतो म्हणजे काय, याचे याहून चांगले स्पष्टीकरण पुस्तकांत नाही. बंद दालनात, हवे तितक्या वेळा पुन्हा गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रिकेत स्वराची सुबकता ऐकू येते. तो धरून ठेवणारी ताकद ऐकू येत नाही. येथे ती दिसते.

या प्रार्थनेत नाट्य काय आहे, असे विचारणारे पुष्कळ आहेत. गोड गाणे आहे, झाले, असे ते म्हणतात. पण कथा आठवा. नॉर्मा सर्व लोकांसमोर शांती मागते आहे आणि लोकांना वाटते की ती देवीच्या मनातले बोलते आहे. खरे कारण तिचे तिला ठाऊक. युद्ध झाले तर तिचा प्रियकर मरेल. तेव्हा ही प्रार्थना खरीही आहे आणि लबाडीही आहे. आणि लगेच त्याला जोडून जो जलद भाग येतो (आपल्याकडे विलंबितानंतर द्रुत यावे तसा), तो लोकांना ऐकू जात नाही अशी कल्पना आहे. त्यात ती मनातल्या मनात त्याच प्रियकराला परत ये म्हणून विनवते. संथ भाग पुजारणीचा, जलद भाग बाईचा. तान तेथे उगीच आलेली नाही; जे मोठ्याने बोलता येत नाही ते तानेतून धावते. हे एकदा ध्यानात आले की बेल्लिनीला नुसता गोडवा विकणारा म्हणण्याचे धाडस होत नाही.

जॉन व्हिकर्सविषयी जाणकारांत मतभेद आहेत. तो प्रामुख्याने वाग्नरचा गायक. याच भिंतीपुढे आदल्याच वर्षी, जुलै १९७३ मध्ये, तो ट्रिस्टान म्हणून उभा राहिला होता, आणि तो प्रयोगही जुर्दां यांनीच चित्रित केला. अशा दगडी आवाजाच्या माणसाने बेल्लिनी गावा का, हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. त्याच्या गाण्यात इटालियन मऊपणा नाही, काही ठिकाणी तो ओळ गुळगुळीत न करता तोडून टाकतो. परंतु बेल्लिनीने ही भूमिका ज्याच्यासाठी लिहिली तो दोन्झेल्ली हाही जड, खर्जाकडे झुकणाऱ्या आवाजाचा गायक होता. आपला आवाज कोठपर्यंत भरदार जातो आणि कोठून हलका करावा लागतो, हे त्याने बेल्लिनीला आधीच पत्राने कळवले होते. म्हणजे पोल्लिओने हा नाजूक प्रियकर नव्हेच. तो जेता आहे, शिपाई आहे, घेणे एवढेच त्याला ठाऊक आहे. व्हिकर्सच्या चेहऱ्यावर ते दिसते, आणि शेवटच्या प्रवेशात हा दगड फुटतो तेव्हा फुटला म्हणजे काय हेही दिसते. गोड आवाजाचा पोल्लिओने तेथे निम्मे काम करू शकला नसता.

व्हीझीची आदालजीझा मात्र वादातीत आहे. ही भूमिका मुळात उंच स्त्री-आवाजासाठी, ज्युलिया ग्रीसीसाठी लिहिलेली. पुढे ग्रीसी स्वतःच नॉर्मा करू लागली. नंतरच्या काळात आदालजीझा थोड्या खालच्या, गडद आवाजाला देण्याचा प्रघात पडला आणि व्हीझी त्यातली. दुसऱ्या अंकातल्या दोघींच्या युगुलगीतात दोन आवाज तिसऱ्या स्वराच्या अंतराने, हातात हात घालून चालावे तसे चालतात. येथे वाऱ्याची अडचण दुप्पट होते, कारण एकीने श्वास कोठे घेतला हे दुसरीला ऐकून कळायचे आणि वारा तर कानांवरच बसलेला. तरीही दोघी एकत्र थांबतात आणि एकत्र निघतात. सवती म्हणून भांडायला हव्या होत्या त्या दोन स्त्रिया येथे मैत्रिणी होतात, आणि शब्दांच्या आधी आवाजांनीच ती मैत्री जुळवलेली असते.

चित्रपटाची उणी बाजूही सांगितली पाहिजे. रात्रीचे चित्रण, त्या काळची साधने. चित्र काळपट आणि ठिकठिकाणी अस्पष्ट आहे. शिवाय कॅमेरा फार जवळ जातो. ही कला शंभर पावलांवरून पाहण्यासाठी घडलेली आहे. उंच स्वरासाठी उघडलेला जबडा दोन हातांवरून पाहण्यात काव्य नाही. नॉर्मा व पोल्लिओने दोघेही चाळिशी ओलांडलेले, आणि भरल्या अंगाचे. नव्या प्रेक्षकाला पहिली दहा मिनिटे हसू येते. पण पन्नाशीकडे झुकलेल्या बालगंधर्वांची सिंधू ज्या समाजाने डोळे पुसत पाहिली, त्या समाजाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नसावी. पंधरा-वीस मिनिटांत गळा चेहऱ्याला बदलून टाकतो.

आणि जवळ गेलेल्या कॅमेऱ्याचे उपकारही आहेत. मारिया कल्लास हिने १९४८ ते १९६५ या काळात नॉर्मा सुमारे नव्वद वेळा केली. विसाव्या शतकात ही भूमिका पुन्हा जिवंत झाली ती प्रामुख्याने तिच्यामुळे, असे मानतात. तिच्या संपूर्ण 'नॉर्मा'च्या ध्वनिमुद्रिका आहेत, पण संपूर्ण चित्रण एकही नाही. डिसेंबर १९५८ मधल्या पॅरिसच्या एका जलशात तिने गायलेली ती प्रार्थना तेवढी चित्रित झालेली आहे. ती पाहिली की पुढे काय केले असते या विचाराने जीव हळहळतो. सुरा उगारताना तिचा हात कसा थांबत असे? हे सांगणारे आता थोडेच उरले आहेत. कबाय्येचा हात कसा थांबला, ते मात्र आपल्याला पाहता येते.

आता तो शेवट. लोक चिता रचायला निघाले आहेत, पोल्लिओने घाबरून नॉर्माकडे पाहतो आहे. ती आदालजीझाचे नाव घेणार अशी त्याची खात्री आहे, आणि आपलीही. अपराधी कोण, असा प्रश्न तिन्ही बाजूंनी येतो. वाद्यवृंद थांबतो. नॉर्मा उत्तर देते ते दोन लहानशा शब्दांत, साथीवाचून. ती स्त्री मीच, एवढाच त्यांचा अर्थ. ना तान, ना उंच स्वर. सबंध ऑपेराभर ज्या गायिकेकडून बेल्लिनीने अशक्य तेवढे मागितले, तिच्याकडून या क्षणी त्याने जवळजवळ काहीच मागितलेले नाही, आणि म्हणूनच ही जागा सर्वांत अवघड आहे. कबाय्ये ते दोन शब्द हळू, सरळ, कोणाला उद्देशून नव्हे अशा रीतीने म्हणते. भोवती वारा आहे. वाद्ये गप्प असल्यामुळे तो आता अधिकच जाणवतो.

पुढचा सारा भाग एकाच लाटेसारखा चढत जातो. नॉर्मा पोल्लिओनेला विचारते की कोणते हृदय तू दुखावलेस ते कळले का, तो ढासळतो. मग ती बापापुढे गुडघे टेकते आणि मुलांना सांभाळण्याची भीक मागते. बाप आधी ऐकत नाही. सुरावट एक पायरी चढते, पुन्हा तीच येते, पुन्हा एक पायरी. वाद्यवृंद प्रथमच पूर्ण भरून येतो आणि म्हातारा रडू लागतो. रिखार्ड वाग्नर तरुणपणी रीगा येथे संगीत-संचालक असताना, १८३७ साली, त्याने स्वतःच्या लाभाच्या प्रयोगासाठी 'नॉर्मा'च निवडला होता. त्याच्या 'ट्रिस्टान'च्या शेवटी येणाऱ्या चढत्या लाटा ऐकताना या प्रवेशाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. इटालियन गोडव्याची थट्टा करणाऱ्या जर्मन अभिमान्यांनी हे एकदा ऐकून पाहावे.

त्या रात्रीचा प्रयोग हा आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम, असे कबाय्ये पुढे मानत असे. २०१८ साली ती निवर्तली. व्हिकर्स त्याआधी २०१५ साली, व्हीझी २०२२ साली. ज्यांना सुमारे अडीच तास एका बैठकीत देणे शक्य नाही, त्यांनी प्रथम पहिल्या अंकातली प्रार्थना आणि तिला जोडून येणारा जलद भाग पाहावा, मग दुसऱ्या अंकातले दोघींचे गीत, आणि त्यानंतर घरातले दिवे मालवून पोल्लिओने पकडला जातो तेथपासून अखेरपर्यंत. कथा आधी वाचून घ्यावी, म्हणजे भाषेवाचून अडत नाही. आणि वाऱ्याचा आवाज यंत्राची युक्ती लावून कमी करण्याचा प्रयत्न कोणी करू नये.